भांडायला कुणी आहे का?

बस उशिरा येते ही माझी तक्रार नाही. उशिरा येणं हा बसचा धर्मच आहे. माझं दुखणं वेगळं आहे. मध्य वेल्सच्या खेड्यात बस उशिरा आली, आलीच नाही, रेल्वे मध्येच उभी राहिली किंवा रस्त्यावर पाणी आलं, तर तावातावानं भांडायला समोर माणूसच नसतो. आमचा बसस्टॉप म्हणजे कुंपणाला टेकून उभा असलेला एक खांब. त्याच्यावर काचेच्या चौकटीत वेळापत्रक आहे, पण आत पाणी शिरून शाई अशी ओघळलीय की आठची बस आणि दहाची बस एकमेकींत मिसळून गेल्यात. पलीकडे मेंढ्या. त्यांना तरी किती सुनावणार? थोड्या वेळानं त्याही पाठ फिरवतात.

बायको डॉक्टर. तिची नोकरी ॲबरिस्टविथला, आणि घर डवी नदीच्या खोऱ्यात, मखन्लेथ गावाच्या वरच्या अंगाला. घर बघताना ती म्हणाली होती, "शांतता किती आहे बघ ना!" शांतता आहेच. वाहनच नाही तर आवाज कशाचा येणार?

गेल्या उन्हाळ्यात सासरे आले आणि माझ्या दुःखाला वाटेकरी मिळाला. नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत. उभा जन्म कराडच्या स्टँडवर गेला. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, हे ते आपल्या घरातलं लग्न असल्यासारखं सांगतात. पहिल्याच दिवशी त्यांनी खांबाला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "पाहुणं, चौकशीची खिडकी कुठाय?"

खिडकी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "मग लोक शिव्या कुठं घालत्यात?"

कुठंच नाही, हाच तर घोळ आहे. शेजारच्या आजी रोज पिशवी घेऊन स्टॉपवर येतात. वेल्समध्ये साठी उलटली की बसचा पास फुकट. आजींचा पास ड्रायव्हरपेक्षा मीच जास्त वेळा पाहिलाय, कारण बस येत नाही तोवर त्या मला तो दाखवतात. त्यावर त्यांचा तरुणपणीचा फोटो आहे. पाऊस आडवा लागलेला असतो, बसला पाऊण तास उशीर झालेला असतो, आणि आजी म्हणतात, "कालच्यापेक्षा आज बरं आहे, नाही?" मी भांडणाची पहिली ओळ जुळवत असतो, तीही विरून जाते. बस आली की सगळे हसून चढतात आणि उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला "दिओल्ख" म्हणतो. म्हणजे धन्यवाद. "कशाबद्दल?" नानांनी विचारलं. "उशीर केल्याबद्दल?" आठवड्याभरात नाना स्वतःच बसच्या पायरीवरून गर्जायला लागले, "दिओल्ख!" ड्रायव्हर दचकायचा.

रेल्वेची तऱ्हा आणखी निराळी. नानांच्या भावकीतला एक मुलगा कारमार्थनला डॉक्टर आहे, त्याला भेटायचं ठरलं. ॲबरिस्टविथ वेल्समध्ये, कारमार्थनही वेल्समध्ये, रस्त्यानं अंतर सुमारे पन्नास मैल. पण रेल्वेनं जायचं तर आधी पूर्वेला श्रूजबरी गाठायचं, म्हणजे चक्क इंग्लंडमध्ये शिरायचं, आणि तिथून पुन्हा खाली वेल्समध्ये उतरायचं. पूर्वी सरळ लाईन होती. डिसेंबर १९६४ च्या पुरात ती एका ठिकाणी वाहून गेली आणि १९६५ मध्ये तिच्यावरची प्रवासी वाहतूक कायमची थांबली. मला वाटलं नाना आता चिडतील. ते उलट खुलले. "म्हंजे आपलं कराड-चिपळूणच की! घाट उतरला की चिपळूण, अन् रेल्वेनं जायचं तर पुणं, कल्याण, पनवेल अशी वारी." मग आम्ही बसनं गेलो. ती वेळेवर आली, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आमच्याकडची रेल्वे एकेरी. समोरून दुसरी गाडी यायची असेल तर आपण बाजूच्या रुळावर उभं राहायचं आणि मेंढ्या मोजायच्या. गाड्या बहुतेक वेळ दोन-दोन तासांनी. त्यात श्रूजबरीकडून आलेली गाडी मखन्लेथला दुभंगते. अर्धे डबे ॲबरिस्टविथला, अर्धे समुद्राच्या काठाकाठानं प्वल्हेलीला. आपण कुठल्या अर्ध्यात बसलोय हे गार्ड पुन्हा पुन्हा सांगतो, पण लंडनहून रात्रपाळी करून आलेला मेव्हणा गाढ झोपला होता. जागा झाला तेव्हा पाटीवर ‘डवी जंक्शन’ वाचलं आणि घाईनं उतरला. जंक्शन म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यापुढं मिरज येतं: चहा, वडा, हमाल, गर्दी. डवी जंक्शन दलदलीत आहे. फलाट, निवारा, चहूबाजूंनी बोरू आणि पक्षी. गाडीरस्ता नाही, पायवाट आहे. मेव्हण्याला कुठूनशी एक काडी रेंज मिळाली. "दाजी, टॅक्सी पाठवा ना." मी म्हटलं, "टॅक्सी येईल रे, पण कशावरून?"

नानांना मुलाच्या हालांपेक्षा भलत्याच गोष्टीचा धक्का बसला. "जंक्शन म्हणत्यात आणि कँटीन न्हाई?"

पण याच रेल्वेनं त्यांना जिंकलंही. किनाऱ्याच्या लाईनवर काही स्टेशनं अशी आहेत, जिथं गाडी थांबायला हवी असेल तर फलाटावरून हात दाखवावा लागतो. नानांनी धोतराचा सोगा सावरला, हात आडवा केला, आणि आख्खी रेल्वे त्यांच्यापुढं येऊन थांबली. हयातभर एसटी थांबवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर रेल्वे थांबवायला मिळाली. त्या रात्री त्यांनी कराडला तीन फोन केले.

रस्त्यांबद्दल तक्रारीला पूर्वी एक हक्काचा विषय होता: १८०५ चा दगडी पूल. नदी फुगली की तिथला रस्ता पाण्याखाली जायचा आणि उत्तरेला जाणाऱ्यांना लांबलचक वळसा पडायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा उंच पूल झाला आणि तो विषयही गेला. शेजारचे एक काका अजूनही मोठा पाऊस पडला की छत्री घेऊन जुन्या पुलाकडं जातात. सवय. राहता राहिला वेगाचा प्रश्न. १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी वीस मैलांची मर्यादा आली. त्याविरुद्धच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या, तेही जेमतेम एकतीस लाख वस्तीच्या देशात. म्हणजे इथल्या लोकांना राग येतो, पण तो ते घरी बसून, सभ्यपणे, ऑनलाइन काढतात. आमच्या गल्लीत मात्र वीसचा वेग गाठायचा तर गाडी कड्यावरूनच ढकलावी लागेल.

गल्लीच म्हणतो, कारण तिला रस्ता म्हणणं जिवावर येतं. दोन्ही बाजूंना मातीदगडाचे बांध, त्यांवर डोक्याच्या वर गेलेली झुडपं, मध्ये एका मोटारीपुरती जागा, मधोमध उगवलेलं गवत. थोड्या थोड्या अंतरावर एक फुगवटा, तिथं एकानं सरकायचं आणि दुसऱ्यानं जायचं. एका ऑगस्टच्या दुपारी समोरून चाऱ्याच्या काळ्या गुंडाळ्या लादलेला ट्रॅक्टर आला. आमच्या मागं सुट्टीवर आलेल्या इंग्लिश कुटुंबाची कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागं ओढायचं चाकांवरचं घर, आणि तिच्या मागं दुधाचा टँकर. आता रिव्हर्स कुणी घ्यायचा? सगळे काचेतून एकमेकांकडं बघून हसत होते. ‘नाही नाही, आधी तुम्ही.’ मग सगळ्यांनी एकदमच रिव्हर्स टाकला आणि कॅराव्हॅन तिरकी होऊन बांधात रुतली. हॉर्न नाही, शिवी नाही. कॅराव्हॅनवाल्या बाईंनी थर्मास काढला.

नाना दार ढकलून उतरले. "पाहुणं, गाडी बंद करा."

आधी ते टँकरपाशी गेले. दोन्ही हात वर. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं तोडा... आणखी... बास!" मग टँकरच्या पत्र्यावर दोन सणसणीत थापा. डबल बेल. टँकर फुगवट्यात बरोब्बर बसला. कॅराव्हॅनवाल्याला त्यांनी बोटानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं, चाकाखाली स्वतः दगड लावला, आणि अशा आवाजात "हां, सोडा!" म्हणाले की माझाही पाय आपोआप क्लचवर गेला. मराठी कुणालाच येत नव्हतं. प्रश्न कुणालाच पडला नाही. पाचव्या मिनिटाला ट्रॅक्टर आमच्या काचेजवळ आला. शेतकऱ्यानं टोपी काढली, नानांना दिओल्ख म्हटलं आणि मला काहीतरी बराच वेळ सांगितलं.

"काय म्हणतोय?"

"पुढच्या शनिवारी वरच्या माळावर जनावरांचं प्रदर्शन आहे. पार्किंगला माणूस हवाय. तुम्ही याल का विचारतायत."

"भत्ता किती?"

"नाना, तुमच्या व्हिसावर काम करायला बंदी आहे."

नानांनी क्षणभर विचार केला. "मग फुकट येतो म्हणावं," ते म्हणाले, "पण शिट्टी त्यांनी द्यायची."