चाळणी आणि शिंपल्यांच्या तारखा

पेरूच्या किनाऱ्यावरच्या आस्पेरो या प्राचीन वस्तीबद्दल एका लेखात दोन विधानं आहेत: हाडं मोठ्या माशांचीच जास्त सापडतात आणि शिंपल्यांच्या कार्बन तारखांवरून (म्हणजे अवशेषातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या वयावरून) वस्ती अधिक जुनी ठरते. दोन्ही तपासून घ्यायला हवीत.

आधी चाळणी. उत्खननातली माती ६ मिमी जाळीतून चाळली तर अँचोव्ही या लहान माशाचे मणके सरळ खाली पडतात आणि मोठ्या माशांचीच हाडं वर उरतात. हा मासा आपल्या मांदेलीच्या कुळातला, मणका जेमतेम २-३ मिमीचा. त्यामुळे प्रत्येक थरातून ठरावीक मापाची माती, समजा १० लिटर, वेगळी काढून आधी २ आणि मग १ मिमी जाळीतून कोरडीच चाळावी. पाणी वापरलं तर वाळून टिकलेलं सूत आणि बोरू खराब होतात, आणि इथे तर मासेमारीच्या जाळ्यांचं सूत हाच मोठा पुरावा! पेरूच्याच किनाऱ्यावरच्या ऊआका प्रिएता या प्राचीन स्थळी १९४६-४७च्या उत्खननात सुती जाळी, भोपळ्याचे तरंगते आणि दगडी वजनं मिळाली ती कोरड्या हवेमुळेच.

आता तारखा. त्या किनाऱ्यावर खोल समुद्रातलं जुन्या कार्बनचं पाणी वर येतं. शिंपला तोच कार्बन घेतो, म्हणून तो खऱ्या वयापेक्षा काही शतकं जुना दिसतो. ही चूक सगळ्या काळात सारखीही नसते, तेव्हा एकच आकडा वजा करून भागत नाही. कोळशातही धोका आहे, कारण वाळवंटात जुनं लाकूड शेकडो वर्षं पडून राहतं. त्यापेक्षा कापूस, भोपळ्याची साल किंवा शिक्राच्या, म्हणजे दगड भरायच्या विणलेल्या पिशव्यांच्या, काड्या घ्याव्यात. पेरूतल्याच काराल या प्राचीन नगराच्या तारखा अशाच काड्यांवरून काढल्या, म्हणून त्यांच्यावर माझा जास्त भरवसा आहे.