वड्याच्या तेलावर ट्रक चालवायला निघालेल्यांसाठी

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: हॉटेलात तळून उरलेलं तेल फुकट मिळतं, फडक्यानं गाळा, कुठल्याही डिझेल ट्रकच्या टाकीत ओता, डिझेलचा खर्च शून्य. डिझेल इंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठीच बनलं होतं, तेल कंपन्यांनी ते दडवलं. ओळखीच्या दोन ट्रकमालकांनी मला हे एकाच आठवड्यात पाठवलं, आणि त्यातला एक तर डबे गोळा करायला लागलाय.

आधी शेंगदाणा. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं. आफ्रिकेतल्या वसाहतींत शेंगदाणा मुबलक, म्हणून फ्रेंच सरकारला त्यात रस. पण रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 साली आउग्सबुर्गला यशस्वी ठरलं ते खनिज तेलावर. शेंगदाण्याची गोष्टही त्यानंच पुढे 1912 मध्ये जाहीरपणे सांगितली. दडवायला उरलं काय?

‘कुठलंही डिझेल इंजिन चालतं.’ जुन्या इनलाइन पंपाची (साध्या यांत्रिक इंधनपंपाची) गाडी चालेल, घाटही चढेल. भानगड तेलाच्या जाडीत आहे. 40 अंशांना डिझेलची जाडी 2 ते 4.5 सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक), खाद्यतेलाची 30 ते 40. एवढं जाड तेल नोझलमधून, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोटीतून, धुक्यासारखं फवारलं जात नाही, मोठे थेंब पडतात आणि ते पुरते जळत नाहीत. मग नोझलच्या तोंडाशी कार्बन धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, न जळलेलं तेल लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं आणि तिथं त्याचा चिकट गाळ होतो. हे पहिल्या फेरीत दिसत नाही. व्हिडिओ मात्र पहिल्याच फेरीचा असतो.

अमेरिकेत ज्यांनी जुन्या गाड्या अशा चालवल्या, त्यांनी सहसा दोन टाक्या बसवल्या. सुरुवात डिझेलवर, रेडिएटरच्या गरम पाण्यानं दुसऱ्या टाकीतलं तेल 70-80 अंशांपर्यंत तापलं की त्यावर वळायचं, बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर चालवून लाइन धुवायची. धाब्यावर भुकेनं उतरलेला ड्रायव्हर हे दर वेळी करेल? मी तर केलं नसतं.

बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत हा प्रयोग नकोच. कॉमन रेलचा (सगळ्या नोझलना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) दाब हजार बारच्या वर, नोझलची भोकं केसाएवढी, आणि पुढे सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर.

‘फडक्यानं गाळा.’ फडक्यानं भज्यांचा चुरा निघतो. पाणी निघत नाही, त्यात विरघळलेलं मीठ निघत नाही, आणि पुन्हा पुन्हा तापून तेलात तयार झालेलं आम्ल तर मुळीच नाही. ते पंपाच्या धातूला खातं. शिवाय आपल्याकडे तळणीला पामतेल फार. नाशिकच्या थंडीत सकाळी तो डबा उघडून बघा, तेल थिजलेलं दिसेल.

‘फुकट.’ भरलेला दहा टायर ट्रक लिटरला 4 किलोमीटरच्या आसपास देतो. पुणे-नागपूर साधारण 700 किलोमीटर, म्हणजे एका बाजूचं 175 लिटर. किती वडेवाल्यांचे उंबरे झिजवणार? मोठ्या हॉटेलांचं तेल तर आधीच बांधलेलं. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून खराब होताना तयार होणारे घटक, 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल तळायला वापरता येत नाही, आणि दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांनी उरलेल्याची नोंद ठेवून ते मान्यताप्राप्त संकलकालाच द्यायचं असतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्या मजकुरात कुठंच नाही. इंधन बदलण्यासाठी इंजिनात फेरफार करायचा तर तो ठरवून दिलेल्या अटींनीच. अपघातानंतर विमावाल्यांनी दुसरी टाकी पाहिली तर काय, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

तेल गटारात ओता असं मी म्हणत नाही. मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून त्यातलं ग्लिसरीन वेगळं केलं की बायोडिझेल होतं, जाडी 5 सेंटिस्टोकच्या आत येते, आणि ते डिझेलमध्ये मिसळता येतं. 2018 च्या जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत अशा 5 टक्के मिश्रणाचं लक्ष्य आहे. पण हे काम कारखान्याचं. मेथॅनॉल विषारी, चटकन पेटतं, आणि त्याची ज्योत उन्हात धड दिसतही नाही. डबे गोळा करणाऱ्या माझ्या मित्राचा पुढचा बेत मागच्या पडवीत ड्रम मांडण्याचा आहे, म्हणून एवढं लिहिलं.