पिन, स्पिन आणि मेणबत्ती

इंग्लिश घेऊन बीए करायचं ठरवलं तेव्हा माझी समजूत अशी की कविता वाचायच्या, दोनचार नाटकं, मधूनमधून समुद्रावर जाऊन उदास बसायचं, आणि आमच्या मालवणात समुद्राला काय तिकीट नाही. पण सिलॅबसात मध्येच भाषाशास्त्राची ओळख नावाचा पेपर निघाला. ओळख कसली डोंबलाची, दोन दिवसांचा पाहुणा म्हणून आला तो घरातच राहिला.

सुरुवात मात्र झकास होती. आधुनिक भाषाशास्त्राचे मूळपुरुष म्हणजे सोस्यूर, जिनिव्हाचे प्रोफेसर, आणि ज्या पुस्तकामुळे त्यांचं एवढं नाव झालं ते त्यांनी लिहिलेलंच नाही. ते १९१३ साली वारले, मग दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा करून १९१६ ला पुस्तक काढलं, आणि हे दोघे स्वतः त्या लेक्चरांना बसलेलेच नव्हते! शेवटच्या बाकावर असा आनंद पसरला की विचारू नका. झेरॉक्स नोट्सवर अख्खं शास्त्र उभं राहतं याचा इतका भक्कम पुरावा आम्हाला आजवर कोणी दिला नव्हता.

मग फोनेटिक्स आलं, म्हणजे उच्चारांचं शास्त्र. इंग्लिशमध्ये अक्षरं २६ आणि आवाज ४४, म्हणजे २४ व्यंजनं नि २० स्वर, आणि प्रत्येकाला वेगळं चिन्ह, त्यात तो उलटा ई, जो सगळीकडे असतो आणि कुठेच ऐकू येत नाही. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यूला ओठांचा चंबू करायचा. आपण दोन्हीकडे एकच व चालवतो आणि कोणाचं काही अडत नाही, पण पेपरात अडतं. म्हणून मी कुडाळ-मालवण एसटीत खिडकीकडे तोंड करून प्रॅक्टिस करायचो. शेजारच्या मावशी कट्ट्याला उतरणाऱ्या बाईची सीट रिकामी झाल्याझाल्या तिकडे जाऊन बसल्या.

खरा तमाशा घरी झाला. सरांनी सांगितलेलं, तोंडासमोर मेणबत्ती धरा, पिन म्हणा, ज्योत हलेल, स्पिन म्हणा, नाही हलणार. कारण इंग्रज शब्दाच्या सुरुवातीला प म्हणताना सोबत हवा सोडतो, आधी स आला की सोडत नाही, आणि हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. आता जुलै महिन्यात आमच्याकडे मेणबत्ती शोधावी लागत नाही, वारा सुटला की लाईट जाते नि मेणबत्ती टेबलावर असतेच. मी जोर लावून पिन म्हटलं. ज्योत हलली नाही, विझलीच. घरात काळोख. आतून आजी, ‘कोणाचो रे वाढदिवस?’

पुन्हा पेटवली नि तिला समजावायला बसलो. तिने सगळं ऐकून घेतलं, मेणबत्ती जवळ ओढली, म्हणाली ‘पळ’. ज्योत ढिम्म. मग म्हणाली ‘फळ’. गेली मेणबत्ती. ‘आणि ह्याची फी घेतत?’

बरोबरच आहे तिचं. आपल्याकडे प चा फ झाला की अर्थ बदलतो, म्हणून दोघांना वेगळी अक्षरं, आणि ती पाठ करताना क ख ग घ पासून प फ ब भ पर्यंत आपण घशातून टप्प्याटप्प्याने ओठांवर येतो. पुस्तकातला व्यंजनांचा आंतरराष्ट्रीय तक्ता ओठांवर सुरू होतो आणि घशात जातो. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घशात तो तिथेच अडकला.

पुढे सिंटॅक्सची, म्हणजे वाक्यरचनेची झाडं आली. वाक्य वर, शब्द खाली लोंबतात. बाबांनी वही बघितली, त्यांची आंब्याची कलमं असल्याने झाडाबिडात त्यांना बोलायचा हक्क आहे, म्हणाले ‘मुळं वर नि फांद्यो खाली, ह्या तर गीतेच्या पंधराव्या अध्यायातला झाड!’ आणि वही देवासमोर ठेवायच्या बेतात होते.

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण पहिल्याच तासाला याच सरांनी फळ्यावर लिहिलं होतं की भाषाशास्त्रात कुठलीच बोली अशुद्ध नसते. मला भरून आलं होतं हो, कारण शाळेत ‘खंय गेल्लंस’ म्हटलं म्हणून मी बाकावर उभा राहिलेलो आहे. आणि इंटर्नलला? प्रत्येक शब्दाचा उच्चार चिन्हांत आरपीप्रमाणेच लिहायचा, आरपी म्हणजे प्रमाण मानलेले ब्रिटिश उच्चार, जे खुद्द इंग्लंडात फार थोडे लोक बोलतात. एकेक चिन्ह चुकलं की अर्धा मार्क कट.

मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. म्हटलं सर, उत्तर इंग्लंडातला माणूस ‘बस’ या शब्दाला ‘बुस’ म्हणतो, तुमच्याच पुस्तकात आहे, मग त्याचे मार्क कोण कापतं?

सर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ‘तो आपल्या पेपराला बसलेला नाही.’