एक ट्रॉली माती

‘मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर.’ इंदूरला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही ओळ ऐकवल्याशिवाय आम्ही चहा देत नाही. पण पग-पग नीर म्हणजे काय, हे श्रावणात आमच्या शेवंतीला विचारा. ही काळी माती पाणी पिते, टम्म फुगते आणि प्यायलेलं सोडायचं नाव घेत नाही. वर हिरवी पानं, खाली कुजलेली मुळं. उन्हाळ्यात तीच माती अशी तडकते की भेगेत पडलेला चमचा काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो.

“जमिनीच्या वर वाफा बांधा,” आईने निकाल दिला. “विटांचा.”

आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, दीड फूट उंच. गुणाकार केला तर 30 घनफूट. आकडा निरुपद्रवी वाटतो. पण ओली माती घनफुटाला सहज 40 किलोच्या आसपास भरते, म्हणजे एक टनाहून जास्त. दहा रोपांसाठी!

मिस्त्री आला, त्याने माप घेतलं आणि विचारलं, “भिया, इसमें डालोगे क्या?”

“शेवंती.”

“बस? मैं समझा टंकी बन रही है।”

तळाशी पाणी निघायला भोकं ठेव, असं सांगितल्यावर तर तो माझ्याकडे बघतच राहिला. “छेद रखेंगे तो पानी निकल नहीं जाएगा?” निघून जावं म्हणूनच, हे त्याला पटवण्यात एक चहा गेला. तेवढ्यात शेजारचे काका कुंपणावरून डोकावले. काका निवृत्त इंजिनीअर. वाफा भिंतीला चिकटवलास तर ओल थेट तुझ्या बैठकीत येईल, म्हणाले. बरोबरच होतं, त्यामुळे जास्त राग आला. रचलेल्या विटा हलवून फूटभर पुढे आणल्या. मधल्या बोळात आता गल्लीतल्या मांजरांची रहदारी सुरू झाली आहे.

खताची जबाबदारी आईची. कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धत’ जगभर प्रसिद्ध आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथे राहून ती बसवली. पालापाचोळा, शेण, माती-राख यांचे थर रचायचे, मधूनमधून खालीवर करायचे, की तीनेक महिन्यांत खत तयार. हे आईला कुणीतरी सांगितलं आणि त्या दिवसापासून घरातलं केळ्याचं साल बाहेर गेलेलं नाही. कचऱ्याच्या गाडीवरचा भिया रोज विचारतो, “गीला किधर है?” ओला कचराच नाही असं घर त्याने पाहिलेलं नसावं. आम्ही जेवतो की नाही, अशी त्याला शंका आहे.

राहिली माती. अर्धी ट्रॉली कुणी आणत नाही. ट्रॅक्टरवाल्याने रात्री अख्खी ट्रॉली फाटकाबाहेर उपडी केली आणि “जै राम जी की” म्हणून तो अंतर्धान पावला. 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरावर मिरवणाऱ्या या शहरात रस्त्यावर द्राक्षाचं देठ टाकायची माझी छाती होत नाही. इथे तर टेकडीच! सकाळी गाडी यायच्या आत ती नाहीशी व्हायला हवी होती. मी, बायको, मुलगा, सगळे तगाऱ्या घेऊन भिडलो. आई बॅटरी धरून प्रोत्साहन देत होती. वाफा काठोकाठ भरला आणि टेकडी जशीच्या तशी!

पण उजाडता उजाडता माती फुकट असल्याची बातमी पसरली. बादल्या आल्या, टोपल्या आल्या, एक प्रेशर कुकरसुद्धा आला. एरवी नमस्काराला मान न हलवणारी माणसं “थोडी राहिली असेल तर” म्हणत उभी. काकांनी पोतं आणलं होतं. गाडीचा भोंगा वाजला तेव्हा रस्ता झाडून लख्ख.

आठवडाभर पाणी घातलं आणि वाफा वीतभर खचला. मिस्त्रीला फोन केला. “माटी तो बैठेगी, भिया। थोड़ी बचा के रखनी थी।”

मी बादली घेऊन काकांकडे गेलो. त्यांच्या सगळ्या कुंड्या आमच्या मातीने तुडुंब भरलेल्या.

“माती ना? देतो की,” काका म्हणाले, “पण बादली परत आणून दे हं.”

बादली माझीच होती.