खाटेवरच्या पाटीने सिस्टरचा जीव वाचत नाही

सिस्टर, नमस्कार.

तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, तर दोन ओळींत उत्तर देणं बरं नाही. रुग्णाचं निदान वॉर्डात मोठ्याने बोलू नये आणि खाटेला एचआयव्हीची पाटी लावू नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं : पन्नास खाटांना रात्री दोन सिस्टर असतात, पडदे नाहीत, नातेवाईक डोक्यावर उभे. पाटी आमच्या जिवासाठी असते. आणि कायद्याचं सगळं ओझं नर्सनेच का वाहायचं?

आधी पाटीचं बोलते, कारण तुमच्या जिवाची काळजी म्हणूनच माझा तिला विरोध आहे. पाटी लागते ती फक्त तपासणी होऊन निकाल पॉझिटिव्ह आलेल्याला. ज्याची तपासणीच झालेली नाही, किंवा संसर्ग नुकताच झाल्यामुळे ज्याच्या रक्तात तो अजून दिसत नाही, त्याच्या खाटेवर काहीच नसतं, आणि नेमका तिथेच हात सैल पडतो. दूषित सुई एकदा टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र 30 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून प्रत्येकाचं रक्त संसर्गाचं आहे असं धरूनच काम करायचं : ग्लोव्ह्ज घालायचे, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, सुयांचा डबा काठोकाठ भरू द्यायचा नाही, हिपॅटायटिस बीची लस पूर्ण घ्यायची. तरीही सुई टोचलीच, तर पीईपीचा (संसर्ग होऊ नये म्हणून लगेच घ्यायच्या एचआयव्हीविरोधी गोळ्यांचा) पहिला डोस शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत घ्यायचा, आणि गोळ्या 28 दिवस चालू ठेवायच्या. रात्री अडीच वाजता त्या गोळ्या तुमच्याकडे कुठल्या कपाटात असतात आणि किल्ली कुणाकडे असते? हा प्रश्न इन्चार्ज सिस्टरना उद्याच विचारा.

ओझं कुणाचं, याचंही उत्तर इथेच आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि गरज पडल्यास पीईपी देणं ही जबाबदारी तो रुग्णालयावर टाकतो. 20 किंवा जास्त माणसं काम करतात अशा आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारीही नेमावा लागतो. हे मिळत नसेल तर लेखी मागा. ते मागणं तुमचा हक्क आहे.

‘मग रात्रपाळीच्या सिस्टरला कळणार कसं?’ असं तुम्ही विचारलंत. उपचारासाठी गरज असेल तर उपचार करणाऱ्यांनी ही माहिती एकमेकांना द्यायला हाच कायदा मुभा देतो, त्यासाठी रुग्णाची वेगळी संमती लागत नाही. केसपेपर आणि हँडओव्हर त्यासाठीच आहेत. पाटी मात्र शेजारच्या खाटेवरचा पेशंटही वाचतो आणि त्याला डबा घेऊन येणारा गावकरीही.

नातेवाईकांचा मुद्दा जास्त अवघड आहे. आपल्याकडे माणूस आजारी पडला की सगळं घर दवाखान्यात येतं. बिल घरचेच भरतात, रात्र पायरीवर काढतात. त्यांना काही सांगूच नका, असं मी म्हणत नाही. बहुतेक रुग्णांना घरच्यांना कळायला हवंच असतं. पण रुग्णाला विचारा तरी. ‘तुमच्या तब्येतीबद्दल कुणाशी बोलू?’ एवढं भरतीच्या वेळी विचारून नाव केसपेपरवर लिहायला मिनिटही लागत नाही.

हे न विचारल्याची किंमत बाई मोजते. गर्भपातासाठी आलेल्या सज्ञान स्त्रीला नवऱ्याची संमती लागत नाही. तिचं नाव-गाव उघड करायला गर्भपाताच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने आलेलं 5-अ कलम डॉक्टरांना मनाई करतं, आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘पिशवी का साफ केली?’ असं सासूने कॉरिडॉरमध्ये विचारलं, तर उत्तर द्यायला सिस्टर बांधील नाहीत. एचआयव्हीचंही तसंच आहे. जोडीदाराला सांगायचं की नाही, हे डॉक्टर किंवा समुपदेशकाने ठरवायचं असतं, तेही आधी रुग्णाला समजावून आणि त्याला कल्पना देऊन. सांगितल्यावर बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर सांगायचं नाही, असं कायदाच म्हणतो. नवरा कितीही चिडला तरी हा निर्णय तुमच्या गळ्यात पडत नाही.

चिडलेले नातेवाईक हात उचलतात, हे तुम्ही लिहिलंत आणि ते खरं आहे. महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यात डॉक्टरांइतकंच नर्सनाही संरक्षण आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रार रुग्णालयाने द्यावी, तुम्हाला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

गर्दीच्या वॉर्डात सगळं पाळता येत नाही, हे मान्य. पण मोबाइलला ही सबब चालणार नाही. जखमेचा, केसपेपरचा किंवा पाळण्यातल्या बाळाचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा स्टेटसवर टाकणं पडदे नाहीत म्हणून घडत नाही. तिथे मी कुणालाच सूट देणार नाही.

शेवटी पोलिसांबद्दल विचारलंत. वॉर्डात येऊन कुणी तोंडी माहिती मागितली, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा आणि लेखी पत्र मागा. न्यायालयात साक्षीला बोलावलं तर मात्र बोलावं लागतं. वकिलाला अशिलाच्या गुपिताबाबत जे कायदेशीर संरक्षण आहे, ते आपल्याकडे डॉक्टर-नर्सना नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या 19 व्या कलमानुसार कळवणं बंधनकारक आहे. तिथे गप्प राहणं हाच गुन्हा. फक्त कळवायचं ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला, नर्सिंग स्टेशनवर जमलेल्यांना नव्हे.