शाफ्टवर एक खूण करायला काय जातं रे भो?

गॅरेजवाल्याने जीपचा शाफ्ट खोलून चुकीचा बसवला म्हणून डोकं सटकलंय आज, त्यामुळे लांब लिहिणार आहे. ज्याला जुन्या गाड्यांचा कंटाळा आहे त्याने खुशाल पुढं जावं.

घरची फोर बाय फोर जीप आहे, ९४ चं मॉडेल. शेत तापीकाठी, काळी माती, पावसाळ्यात ट्रॅक्टर सोडला तर केळीच्या बागेपर्यंत दुसरं काही पोचतच नाही म्हणून ठेवलीय, हौस म्हणून नाही. तर हिला पंचेचाळीसच्या पुढं नेलं की खालून झणझण सुरू. स्टिअरिंग हलत नाही, गाडी ओढत नाही, फक्त पायाखालचा पत्रा आणि फोर बाय फोरचा दांडा असा थरथरतो की त्यावर हात ठेवला तर बोटं बधिर होतात. यावल-फैजपूर रोडला साठ धरली तर आरशात मागचा केळीचा ट्रक एक आहे का दोन तेच कळत नाही.

आणि ज्याला सांगावं त्याचं एकच, व्हील बॅलन्सिंग करून घ्या. केलं. मग म्हणे अलाइनमेंट. तेही केलं. मग म्हणे टायर कडक झालेत, मग इंजिनचे फाउंडेशन रबर गेले, रबर टाकले, झणझण आहे तिथंच. अरे जरा तरी डोकं लावा ना बाप्पा! चाकाचा दोष असला तर गाडी हळू हळू डुलते, स्टिअरिंग हातात नाचतं. साठच्या स्पीडला चाक सेकंदाला सात-आठ वेळा फिरतं, पण शाफ्ट, म्हणजे इंजिनकडची ताकद ॲक्सलकडे नेणारी लांब नळी, त्याच्या चार-पाच पट फिरतो कारण मधे डिफरन्शियल आहे, म्हणजे ॲक्सलवरचा वेग कमी करणारा दातेरी गोळा, म्हणजे सेकंदाला तीसच्या वर. बारीक, वळवळ्या मुंग्यांसारखी झणझण पायाला लागते तेव्हा ती शाफ्टचीच असते. हे कुणी विचारायचंच नाही, आधी टायर खोलायचा आणि शिसं ठोकायचं.

शेवटी मीच पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून बाजूला ठेवला आणि नुसत्या मागच्या चाकांवर गाडी सावद्यापर्यंत नेऊन आणली. सत्तरला गेली, काही नाही, गप्प. म्हणजे रोग कुठं ते कळलं. डिफरन्शियलकडचा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा कोनात वळणारा सांधा, हातात धरून हलवला तर कटकट वाजत होता, एका कपातल्या सुया, म्हणजे बारीक बेअरिंग, कोरड्या पडून लाल भुकटी झालेली आणि योकला, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याला, केळीच्या सोपटाचा दोरा गुंडाळलेला, चिखलाबरोबर वाळून असा घट्ट की पक्कडने तोडावा लागला. ठीक आहे, जुनी गाडी आहे, क्रॉस जातोच, त्याबद्दल तक्रार नाही. दोन्ही क्रॉस नवे आणले आणि प्रेसवर बसवून द्या म्हणून गॅरेजवाल्याकडे दिला. इथं खरी बोंब.

गाडी परत आली ती आधीपेक्षा वाईट! आता पस्तीसलाच सुरू. त्याला फोन केला तर म्हणे, "नवीन क्रॉस आहेत भो, थोडे बसू द्या, चालवा बिनधास्त." क्रॉस काय चप्पल आहे का, वापरून सैल व्हायला? मी परत गाडीखाली घुसलो. मे महिना, पत्र्याचं शेड, घाम डोळ्यात, आणि बघतो तर शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका लाइनीतच नाहीत! शाफ्ट मधे दोन भागांचा असतो, दातऱ्यावर मागं-पुढं सरकतो, म्हणजे स्प्रिंग दबली की त्याला जागा मिळावी. गॅरेजवाल्याने ग्रीस मारायला म्हणून तो ओढून वेगळा केला आणि परत घालताना जिथं घुसला तिथं घुसवला.

आता याने काय होतं ते सांगतो, कारण त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. क्रॉस कोनात फिरत असला की एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो आणि दोनदा मागं रेंगाळतो, सरळ फिरतच नाही. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेच उलटं करून हिशोब बरोबर करतो, पण कधी? दोन्ही कोन सारखे असतील आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तेव्हाच. दोन दात चुकले की हिशोब चुकला, आणि नव्वद अंशात बसला तर दोन्ही क्रॉसचे झटके एकमेकांत भरच घालतात. "दोन दात इकडं-तिकडं, काय फरक पडतो शेठ?" म्हणतो वर. अरे शाफ्टच्या दोन्ही भागांवर बाण कोरलेले होते, डिझेलच्या फडक्याने जरा घासलं तर मला दिसले, तुला कसे दिसले नाहीत? आणि नसते दिसले तरी खोलायच्या आधी खडूची एक रेघ, पंचची एक ठोक, पोरीची नेलपॉलिश सुद्धा चालते, पण नाही, हातोडा आधी आणि डोळे नंतर. वर ग्रीसचा निपल असा आतल्या बाजूला तोंड करून बसवलाय की ग्रीसगनचं नाक तिथं जाणारच नाही. म्हणजे हाही क्रॉस कोरडा मरणार.

बाण समोरासमोर आणून मी आणि शेजारच्या अण्णांनी शाफ्ट बसवला, पस्तीसची झणझण गेली. पण साठच्या पुढं थोडी आहेच, ती का? तर शाफ्टच्या नळीवर बॅलन्सची छोटी पट्टी वेल्ड केलेली असते, त्या जागी नुसते ताजे छिन्नीचे ओरखडे! विचारलं तर शांतपणे सांगतो, "तो फालतू पत्रा चिकटला होता, साफ करून दिला." साफ करून दिला! आणि त्या साफसफाईचे बिलात वेगळे पैसे लावलेत.

आता शाफ्ट मशीनवर चढवून बॅलन्स केल्याशिवाय सुटका नाही, त्याचा खर्च कोण देणार म्हटलं तर म्हणतो फोर बाय फोर टाकूच नका ना, टू व्हीलमध्ये चालवा, कशाला त्रास. अरे या गाडीला हब लॉकच नाहीत, म्हणजे पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवायची सोय नाही, सरळ फ्लॅंजने कायमची जोडलेली आहेत, टू व्हीलमध्ये सुद्धा पुढची चाकं ॲक्सल फिरवतात आणि ॲक्सल शाफ्ट फिरवतो, हे गॅरेजवाल्याला मी सांगायचं का?