नऊ इंचांचं माप आणि कृपाणाची सूट: खानापूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

तुमचे दोन आक्षेप आहेत. शस्त्रं बाळगण्यावरच्या माझ्या लेखात ‘नऊ इंचांच्या आतलं पातं चालतं’ असं लिहून मी पोरांना फूस दिली, हा पहिला. शिखांना कृपाण चालते, मग खंडेनवमीला तलवार पुजणाऱ्यांना ती शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत का नको, हा दुसरा.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाला, चाकू अशी नावं आहेत आणि माप आहे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. त्यातला ‘किंवा’ मी गाळला, ही माझी चूक. सात इंची पातं अडीच इंच रुंद असलं तरी ते त्या वर्गात बसतं. शिवाय हे माप शस्त्राचा वर्ग ठरवतं. त्याहून छोटा चाकू खिशात घालून बाजारात हिंडायची मुभा त्यातून मिळत नाही.

घरकाम आणि शेतीसाठी घडवलेली अवजारं या वर्गातून वगळली आहेत. म्हणून ऊसतोडीचा कोयता कितीही रुंद असला तरी शेताच्या वाटेवर तो अवजारच. तोच कोयता घेऊन दंगलीच्या जमावात उभं राहिलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९१(३) लागतं आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तिथे तो कशासाठी घडवला हे सांगून सुटका नाही.

आपल्या भागात आणखी एक घोळ होतो. सीमेवरचं कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलच्या हद्दीत गेलात की महाराष्ट्र पोलीस अधिनियम लागतो. सणासुदीला किंवा निवडणुकीत त्याच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतो. त्या कलमात चाकू आहे, काठीही आहे, आणि इंचांचा उल्लेखच नाही. इकडे बेळगाव जिल्ह्यात असे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. म्हणून कोयता नेताना पात्याला गोणपाटाचे दोन वेढे द्या, सुतळीने मुठीशी आवळा आणि डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा. कमरेला खोचू नका. नवा घेतला असेल तर पावती जवळ असू द्या. पोलीस आधी विचारतात ते कुठे निघालात आणि कशाला.

दुसरा आक्षेप मला पटत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं आणि बाळगणं हे शीख धर्माचरणाचा भाग मानलं आहे. अमृतधारी, म्हणजे खालसा दीक्षा घेतलेला शीख ती पाच ककारांपैकी (कायम अंगावर ठेवायच्या पाच धर्मचिन्हांपैकी) एक म्हणून बारा महिने अंगावर बाळगतो. हे आपल्यापासून फार लांबचंही नाही, पंजप्याऱ्यांमधले, म्हणजे खालसाची दीक्षा घेणाऱ्या पहिल्या पाच जणांमधले साहिब सिंग आपल्या कर्नाटकातल्या बिदरचेच. खंडेनवमीची पूजा देवघरात होते, तिला कुणी अडवत नाही. आणि कृपाणालाही मर्यादा आहेत: विमानात पातं ६ इंच, एकूण लांबी ९ इंच, तीही फक्त देशांतर्गत प्रवासात.

सूट धर्मामुळेच मिळते असंही नाही. कर्नाटकातल्याच कोडगू जिल्ह्यातल्या कोडवा समाजाला बंदुकीच्या परवान्यातून शस्त्र अधिनियमाच्या कलम ४१ खाली २०२९ पर्यंत सूट आहे. तुमची मागणी असेल तर रस्ता तोच, केंद्र सरकारची अधिसूचना. तोवर मिरवणुकीत दांडपट्टा खेळायचा असेल तर खेळाडूंची नावं, साहित्याची संख्या आणि वेळ लिहून पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या, पाती बोथट ठेवा आणि मंजुरीचा कागद पथकप्रमुखाकडे असू द्या.

मूळ लेखातलं नऊ इंचांचं वाक्य आज बदललं आहे.